माझ्या बातमीचं कात्रण आणि शेणाचा हिशोब

मागच्या महिन्यात सेनगाव तालुक्यातल्या एका गावाहून मामाचा फोन आला. मामा सहसा सकाळी फोन करत नाहीत. म्हणाले, "बाबू, तुह्या पेपरात आलंय म्हणून तर पोरांनी पैशे देले. आता त्यो माणूस फोन उचलना."

मला काही कळेना. दुपारी गावात गेलो. पारावर सात-आठ पोरं बसलेली. त्यांच्यापैकी एकाने मोबाइलमधला फोटो दाखवला. लॅमिनेट केलेला कागद होता. वर कुठल्याशा कंपनीचं नाव, खाली हिरव्या पानाचं चित्र, आणि मधोमध माझी बातमी. माझ्या नावासकट. मथळा मीच दिलेला: "आता काडीकचऱ्यातून हायड्रोजन, शेतकरी होणार इंधनदाता".

त्या कागदाच्या जोरावर एक एजंट गावात आला होता. 'गोबर हायड्रोजन प्रकल्प' गावातच उभा राहणार, शेणाला किलोमागे भाव मिळणार, जमीन देणाऱ्याला वर्षाला भाडं, आणि आधी नाव नोंदवणाऱ्याला नोकरी. नोंदणी फक्त ५,१०० रुपये. अकरा पोरांनी पैसे भरले. आता फोन बंद.

पोरं मला काही बोलली नाहीत. बोलली असती तर बरं झालं असतं. मामा तेवढे म्हणाले, "तू शिकेल माणूस. लिवताना जरा हिशोब करून पाहायला पायजे होता."

मित्रांनो, तो हिशोब मी केला नव्हता. पुण्याहून आलेलं प्रसिद्धीपत्रक समोर होतं, जागा भरायची होती, मथळा सुचला, बातमी गेली. मी पत्रकारितेची पदविका घेतलेला माणूस. रसायनशास्त्र बारावीलाच सुटलं. पण गुणाकार-भागाकार सुटला नव्हता ना! दुरुस्ती द्या म्हणून पेपरात सांगितलं, तर आतल्या पानावर चार ओळी आल्या. चार ओळींत हे मावत नाही. म्हणून इथं सविस्तर लिहितोय. लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. उद्या तुमच्याही गावात असा लॅमिनेट केलेला कागद येऊ शकतो.

पहिली गोष्ट. हायड्रोजन ही काही थाप नाही. तुमच्या-माझ्या शेतात तो दरवर्षी येतोच, फक्त युरियाच्या बॅगेतून येतो. हवेत नायट्रोजन भरपूर, पण पिकाला तो तसा घेता येत नाही. त्याला हायड्रोजन जोडला की अमोनिया होतो आणि अमोनियाला कार्बन डायऑक्साइड जोडला की युरिया. नायट्रोजन फुकट हवेतून मिळतो. खरा खर्च हायड्रोजनचा.

तो हायड्रोजन येतो कुठून? आपल्या देशात मुख्यतः नैसर्गिक वायूतून. अलिबागजवळ थळला आणि मुंबईत ट्रॉम्बेला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे, म्हणजे आरसीएफचे कारखाने आहेत. तिथे हेच चालतं. आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे नांदेडच्या पलीकडे तेलंगणातलं रामागुंडम. तिथला जुना सरकारी खत कारखाना कोळशावर चालायचा, तो १९९९ ला बंद पडला. त्याच जागी नवा कारखाना नैसर्गिक वायूवर उभा राहिला आणि २०२१ पासून वर्षाला १२.७ लाख टन युरिया काढायच्या क्षमतेने चालू झाला. महाराष्ट्रातही तिथला युरिया येतो.

आता हे होतं कसं, ते सांगतो. हिंगोली-वसमतच्या माणसाला वाफ समजावून सांगावी लागत नाही. पूर्वी आपण हळद कढईत शिजवायचो, आता वाफेच्या कुकरवर शिजवतो. पण कुकरमधली वाफ हळदीला फक्त उष्णता देते आणि निघून जाते. खताच्या कारखान्यात वाफ स्वतःच कामाला लागते.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. मिथेनच्या एका रेणूत एक कार्बन आणि चार हायड्रोजन. वाफ म्हणजे पाणीच, त्यात दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. हे दोघं मोठ्या भट्टीतल्या उभ्या नळ्यांमधून ८०० ते ९०० अंश तापमानाला एकत्र सोडतात. नळ्यांत निकेल लावलेल्या गोळ्या भरलेल्या असतात. ते निकेल म्हणजे उत्प्रेरक. स्वतः संपत नाही, पण त्याच्याशिवाय काम पुढे सरकत नाही. गावातल्या सोयरीक जुळवणाऱ्या माणसासारखं समजा. तिथे मिथेनचा कार्बन पाण्यातला ऑक्सिजन धरतो आणि हायड्रोजन मोकळा होतो. पहिल्या फेरीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळतात. मग थोड्या कमी तापमानाला त्या कार्बन मोनॉक्साइडला पुन्हा वाफ दाखवली की तो कार्बन डायऑक्साइड होतो आणि आणखी हायड्रोजन सुटतो. म्हणजे निम्मा हायड्रोजन मिथेनचा आणि निम्मा पाण्याचा. याला इंग्रजी नावाने स्टीम रिफॉर्मिंग म्हणतात.

जगात वर्षाला नऊ-दहा कोटी टन हायड्रोजन बनतो. त्यातला सगळ्यात मोठा वाटा याच पद्धतीचा. अडचण अशी, की एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आणि आपल्याला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी निम्म्याच्या आसपास बाहेर देशांतून जहाजाने येतो. कुठे तरी युद्ध पेटलं की वायू महागतो. त्याचा भार सरकारी अनुदानावर येतो, आणि कधी कधी सेनगावच्या कृषी केंद्रासमोरच्या रांगेवर. ४५ किलोची बॅग आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण बाकीचे पैसे सरकार भरतं. बॅगची खरी किंमत तिच्यापेक्षा कितीतरी जास्त.

म्हणून सरकार हिरव्या हायड्रोजनच्या मागे लागलंय, आणि ते चूक नाही. ४ जानेवारी २०२३ ला केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली, १९,७४४ कोटींची. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राने आपलं धोरण आणलं, ८,५६२ कोटींचं. ऑगस्टमध्ये केंद्राने 'हिरवा' कशाला म्हणायचं हेही ठरवलं: एक किलो हायड्रोजनमागे दोन किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सुटता कामा नये. पाणी विजेने फोडून केलेला हायड्रोजन त्यात बसतो, तसाच शेण, काडीकचरा अशा जैविक मालापासून केलेलाही बसू शकतो.

इथे एजंटाचं खरं आणि खोटं एकमेकांत मिसळतं. गोबर गॅसमध्येही मिथेनच असतो, साधारण ५५ ते ६० टक्के. बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. तो साफ केला तर नैसर्गिक वायूच्या जागी वापरता येतो, त्याच निकेलवर, त्याच वाफेत. शास्त्र पक्कं आहे. गोबर गॅसमधला कार्बन गवतातून आलेला, गवताने तो हवेतूनच घेतलेला. त्यामुळे हिशोब हिरव्याच्या जवळ जातो.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नेमकं यातलंच काम केलंय. ही १९४६ ची संस्था, सोयाबीनचे 'एमएसीएस' नावाने सुरू होणारे वाण याच संस्थेचे. भात, गहू, मका यांचा काडीकचरा कुजवून मिथेन जास्त देणारा जिवाणूंचा संच त्यांनी तयार केला. त्या मिथेनपासून पुढे हायड्रोजन काढायचं काम पुण्याच्याच सेंटिएंट लॅब्जबरोबर हाती घेतलं. माझ्या बातमीचं मूळ हेच होतं. संस्थेने कुठेही म्हटलं नव्हतं की उद्या गावोगाव प्रकल्प येणार. ते मी मथळ्यात म्हटलं. चूक संशोधकांची नाही, माझी आहे.

आता शेणाचा हिशोब. मामाने सांगितलेला.

साधारण २५ किलो ताज्या शेणातून एक घनमीटर गोबर गॅस मिळतो. त्या एका घनमीटरमधून सगळी गळती आणि भट्टीचं जळण धरून फार तर १०० ग्रॅम हायड्रोजन. म्हणजे एक किलो हायड्रोजनला १० घनमीटर गॅस, म्हणजे २५० किलो शेण. आपल्याकडचं एक जनावर दिवसाला धरून चला १० किलो शेण देतं. म्हणजे २५ जनावरांचं एका दिवसाचं शेण म्हणजे एक किलो हायड्रोजन.

एजंट म्हणत होता, दिवसाला एक टनाचा प्रकल्प. एक टनाला २५० टन शेण लागतं. रोज. दिवाळीला पण, पोळ्याला पण. म्हणजे २५ हजार जनावरं. आणि त्यांचं शेण ट्रॅक्टरने गोळा करून एका जागी आणायचं. पारावर हा आकडा सांगितला तेव्हा एक पोरगं हसलं. म्हणालं, "भाऊ, आमच्या गावात धरून दीडशे जनावरं नसतील. बैलं तर ट्रॅक्टरनं संपवले."

खरंय ते. आमच्या घरीही वाड्याच्या मागे गोबर गॅस होता. लोखंडी टाकी गॅस भरला की वर यायची, आई स्वयंपाक करायला लागली की खाली जायची. आम्ही पोरं ती टाकी बघून सांगायचो, आज भाकरी किती होतील. चार-पाच जनावरं होती म्हणून ते चालायचं. मग बैल विकले, म्हशी विकल्या, सिलिंडर आला. टाकी भंगारात गेली. खड्डा अजून आहे, त्यात पावसाचं पाणी साचतं.

आणखी एक हिशोब केला. एक किलो हायड्रोजनपासून साधारण १० किलो युरिया होतो. म्हणजे ४५ किलोच्या बॅगेला साडेचार किलो हायड्रोजन. शेणात मोजलं तर सव्वा अकराशे किलो. एका म्हशीचं जवळपास चार महिन्यांचं शेण म्हणजे युरियाची एक बॅग. आणि तेवढ्याच शेणाचा गॅस चुलीखाली जाळला तर सव्वा-दीड सिलिंडरचं काम होतं. सिलिंडर कितीला मिळतो आणि बॅग कितीला, ते तुम्हीच ताडून पाहा. आपल्या घरच्या म्हशीच्या शेणाचं सोनं करायचं असेल तर ते आधी चुलीत होतं, भट्टीत नाही.

शिवाय गॅस निघाला तरी शेणातलं नत्र गॅसबरोबर जात नाही. ते स्लरीत राहतं. टनभर शेणात साधारण तीन-चार किलो नत्र असतं, युरियाच्या बॅगेत वीसच्या वर. कमी आहे, पण स्लरी नुसतं नत्र देत नाही, मातीला सेंद्रिय कर्बही देते. आपल्या हळदीच्या जमिनीला त्याचीच वाण आहे. एजंटाच्या कागदावर स्लरी कुणाची, यावर एक शब्द नव्हता. शेण तुमचं, ते गेलं गावाबाहेर, स्लरी परत आली नाही, तर शेताचं खत गेलं आणि वर बॅगा घ्यायला आपण पुन्हा रांगेत.

मग म्हणाल, शेण नाही तर काडीकचरा आहे ना. सोयाबीनचं भुसकट, तुराट्या, पऱ्हाट्या, हळदीचा पाला. इथेही जरा थांबा. तुराटी आणि पऱ्हाटी लाकडाच्या जातीची. त्यात लिग्निन जास्त. गोबर गॅसचे जिवाणू लिग्निन खात नाहीत. गव्हाचं काड, मक्याचं धांड, हिरवा पाला त्यांना जमतो. तुराट्यांसाठी दुसरी वाट आहे: बंद भट्टीत कमी हवेवर जाळून वायू काढायची. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने ऑक्सिजन आणि वाफ वापरून तशा रीतीने एक किलो जैविक मालापासून १०० ग्रॅमच्या आसपास हायड्रोजन काढून दाखवलाय. ते वेगळं यंत्र, वेगळा खर्च. 'काहीही टाका, हायड्रोजन निघतो' असं कुणी म्हणत असेल तर त्याला यातलं काही माहीत नाही, किंवा सगळं माहीत आहे.

तिसरी गोष्ट, जी गावात कुणीच विचारली नाही. गंधक. गोबर गॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. चुलीला तो चालून जातो. निकेलला चालत नाही. गंधक निकेलवर जाऊन बसतो आणि उत्प्रेरक मरतो. म्हणून भट्टीत जाण्याआधी गॅसमधलं गंधक जवळपास पूर्ण काढावं लागतं. आधी लोहाच्या संयुगांवरून, शेवटी झिंक ऑक्साइडवरून. दहा लाख भागांत एक भागसुद्धा परवडत नाही. ही साफसफाई रोज बिनचूक व्हायला लागते. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेल्या गावात हे कोण करणार, हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. तोच विषारी वायू बंद खड्ड्यात उतरलेल्या माणसाचा जीव घेतो, हेही विसरू नका. आणि हायड्रोजनची ज्योत दिवसा डोळ्यांना जवळपास दिसत नाही. हा सिलिंडरसारखा घरात ठेवायचा माल नाही.

पाण्याचंही सांगतो. वाफेच्या पद्धतीत एक किलो हायड्रोजनला कागदावर साडेचार लिटर पाणी लागतं, विजेने पाणी फोडायच्या पद्धतीत नऊ. प्रत्यक्षात दोन्हीकडे जास्त. मराठवाड्यासाठी हा फरक छोटा नाही. विजेच्या पद्धतीत किलोला ५०-५५ युनिट वीजही लागते. म्हणजे गॅसची वाट टाकाऊ नाही. योग्य जागी ती चांगली आहे.

योग्य जागा म्हणजे जिथे माल आधीच एका ठिकाणी गोळा झालेला असतो. साखर कारखान्याची मळी, मोठी डेअरी, शहराचा ओला कचरा, सांडपाण्याचं केंद्र. आणि तिथेही आधी बायोगॅस साफ करून तो इंधन म्हणून विकायची सोय सरकारने केलेली आहे. २०१८ पासून त्याची 'सतत' नावाची योजना आहे, आणि शहरांतल्या गॅस कंपन्यांना आपल्या वायूत ठराविक टक्के बायोगॅस मिसळायला लावणारा नियमही ठरलाय. आपल्या जिल्ह्यात ऊस आहे, कारखाने आहेत. कुणी खरंच प्रकल्प आणणार असेल तर तो मळीच्या ढिगाजवळ येईल. दीडशे जनावरांच्या गावात येणार नाही.

काही जण म्हणतील, पत्रकार साहेब, तुम्ही विकासाला आडवे येता. अजिबात नाही. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. तेव्हापासून आपण काहीतरी यायची वाट बघतोय. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या माळावर गुरुत्वीय लहरी मोजणारी लिगो प्रयोगशाळा होणार म्हटलं तेव्हाही लोक हसले होते. २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी मंजूर केले. मोठं विज्ञान आपल्या माळरानावर येऊ शकतं. पण त्याची जागा मोजली गेली, कागद झाले, सरकारी मंजुरी झाली. कुणी पारावर येऊन ५,१०० रुपये मागितले नाहीत.

तर आता कुणी असा कागद घेऊन आला की पैसे काढायच्या आधी एवढं विचारा:

१. रोज किती टन माल लागणार आणि तो किती किलोमीटरवरून येणार?
२. गॅसमधलं गंधक कसं काढणार?
३. तयार हायड्रोजन कोण विकत घेणार? त्याचा लेखी करार दाखवा. आपल्या जवळपास ना रिफायनरी, ना खत कारखाना. हा वायू खूप दाबाखाली भरून न्यावा लागतो, वाहतूक महाग असते.
४. स्लरी कुणाची?
५. पाणी कुठून, आणि ग्रामपंचायतीचा ठराव कुठे आहे?
६. नोकरीसाठी, नोंदणीसाठी पैसे कशाला? हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला तरी चालेल.

आणि सोबत पेपरचं कात्रण दाखवलं, तर ज्याचं नाव त्यावर आहे त्याला फोन करा. बातमी म्हणजे हमीपत्र नाही. हे मी, बातम्या लिहून पोट भरणारा माणूस, सांगतोय.

त्या अकरा पोरांना घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार दिली, पावत्यांचे फोटो जोडले, माझं कात्रणही जोडलं. साहेबांनी कात्रण बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. पैसे अजून मिळालेले नाहीत. त्यातल्या एका पोराने ते पैसे बहिणीच्या फीसाठी ठेवलेले होते. त्याचे मी माझ्या खिशातून देऊ केले, त्याने घेतले नाहीत.

परवा पुन्हा गावात गेलो होतो. मामांकडे दोन म्हशी आहेत. त्यांना म्हणालो, मामा, दोन म्हशींवर लहान गोबर गॅस चालतो, आईच्या वेळेला होता तसा. थोडं शेण शेजाऱ्याचं घेतलं तर दोघांच्या चुली निघतील, स्लरी हळदीला जाईल. मामांनी बिडी विझवली आणि विचारलं, "हे हिशोब करून सांगतो का पेपरात वाचून?"

म्हणालो, हिशोब करून.

"मंग बस. कागद आण, मांडून दाखव."

मांडून दाखवला. पटला की नाही ते बोलले नाहीत. पण निघताना वाड्यामागची जागा पावलांनी मोजत होते.

आपल्या गावच्या ग्रुपवर हे टाका. कॉपी करून टाकलं तरी चालेल, नाव नाही दिलं तरी चालेल. आणि अशा कुठल्या 'प्रकल्पात' तुमच्या ओळखीच्या कुणी पैसे भरले असतील तर मला इनबॉक्समध्ये सांगा. यावेळी मथळा नंतर देईन.